ग्लूमी आभाळ बघून कोण खूश होतंय?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात विद्यार्थ्यांसाठी जे पान येतं त्यात मागं इंग्रजी समानार्थी शब्द दिले होते. डार्कनेस या शब्दापुढं ग्लूम, डस्क, मर्क, शेड, ऑब्स्क्युरिटी असे सगळे स्वल्पविराम देऊन एका ओळीत, आणि खाली सूचना 'पाठ करा'. मी सोलापूरच्या पूर्व भागात घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते, त्यामुळं ते पान पोरांनी कापून वहीत चिकटवलं, पाठही केलं आणि मग निबंधात जिथं जिथं अंधार आला तिथं यातला एकेक शब्द पेरायला सुरुवात केली.

पहिल्या पावसावरच्या निबंधात एका पोरीनं लिहिलंय, 'द स्काय बिकेम ग्लूमी अँड वुई वेअर व्हेरी हॅपी'. व्याकरण ओके, स्पेलिंग ओके, तरी वाक्य बसत नाही. तिच्या डोक्यात काय होतं ते मला बरोबर कळलं, आभाळ अंधारून आलं हेच तिला म्हणायचं होतं. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्रीपर्यंत भाजून निघाल्यावर जूनमधे एखाद्या दुपारी अंधारून आलं की बायका गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला पळतात, पोरं रस्त्यावर येतात, वाळवण भिजलं तरी कुणाचं तोंड वाईट होत नाही, सोलापुरात ढगांचा अंधार म्हंजे आनंदच असतोय. आणि ग्लूम हा शब्द मुळात चेहऱ्याचा आहे, काही शे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ग्लूम करणं म्हंजे कपाळाला आठ्या घालून तोंड पाडून बघणं, अंधाराचा अर्थ त्याला मागाहून आला. म्हणून आजही ग्लूमी म्हटलं की उजेड कमी एवढंच नसतं, मन पण उतरलेलं असतं. बाहेर महिनाभर पाऊस आणि ढग बघून कंटाळलेल्या माणसाचा शब्द आहे तो, पावसाची वाट बघणाऱ्या माणसाचा नव्हे. तिला म्हटलं डार्कन्ड लिही, तो शब्द नुसता अंधारलं एवढंच सांगतो, खूश व्हायचं की उदास ते पुढच्या वाक्यावर सोडतो.

पोरीची काय चूक नाही ओ यात, तिनं तर पाठांतर मन लावून केलं होतं.

मराठीत उलटं करून बघा म्हंजे लगेच पटेल. उद्या कुणी संध्याकाळ या शब्दापुढं तिन्हीसांज, दिवेलागण, कातरवेळ, संधिप्रकाश असं एका ओळीत छापलं आणि कुणी पोरानं लिहिलं की काल कातरवेळी आम्ही पार्कवर क्रिकेटची मॅच जिंकली, तर तुमच्या ऑफिसात सगळे हसतील की नाही? कातरवेळेत एक हुरहुर आहे, दिवेलागणीत काम आहे, दिवा लावायचं. किर्र अंधारात तर रातकिड्यांचा आवाजसुद्धा येतो, थेटरातल्या अंधाराला कुणी किर्र म्हणत नाही. आपल्या भाषेत हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, कानावर पडून पडून कळतं. इंग्रजी आमच्या पोरांच्या कानावर पडतंच कुठं, त्यांना जे काय मिळतं ते छापील, म्हणून छापणाऱ्यानं जास्त सांभाळायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

शेड आणि शॅडोचा गोंधळ तर दर वर्षीचा आहे. 'आय सॅट इन द शॅडो ऑफ द ट्री' हे वाक्य मी इतक्या वेळा खोडलंय की पेनाला पण पाठ झालं असेल. मराठीत झाडाचीपण सावली आणि माझीपण सावलीच, इंग्रजीत उन्हापासून आडोसा मिळतो ती शेड, आणि ज्याला आकार असतो, जी भिंतीवर पडते, मागं मागं येते ती शॅडो. गंमत म्हंजे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाची दोन रूपं होती, नंतर वाटण्या झाल्या आणि आता कायमचे वेगळे राहतात. आणि शेडी हा शब्द तर फारच बेरकी, शेडी प्लेस म्हंजे मस्त गारव्याची जागा पण शेडी मॅन म्हंजे ज्याच्याकडं पैसे ठेवायला देऊ नयेत असा माणूस.

सावलीवरून आठवलं, लॅटिनमधे सावलीला उंब्रा म्हणतात, ग्रहणाच्या धड्यात आपण प्रच्छाया आणि उपच्छाया शिकवतो ना, ते इंग्रजीत उंब्रा आणि पेनंब्रा. छत्रीचं अंब्रेला हे नावही त्या उंब्रावरूनच आलंय, म्हंजे नावानं छत्री उन्हासाठी, पावसासाठी नंतर. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडं एप्रिलमधे जेवढ्या छत्र्या दिसतात तेवढ्या ऑगस्टमधे दिसत नाहीत. सोंबर पण त्याच घरचा, सावलीखाली असलेला असा अर्थ, पण वापर बहुतेक गंभीर, दुखवट्यासारख्या वातावरणासाठी.

आता पिच डार्क. हा शब्द फळ्यावर लिहिला तर एक पोरगा म्हणतो, 'मॅडम, पिच तर पांढरं असतंय की ओ!' त्याच्या डोक्यात क्रिकेट. मग सांगितलं की हे पिच म्हंजे डांबरासारखा काळाकुट्ट चिकट पदार्थ, लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला वापरायचे, त्यावरून डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही अशा अंधाराला पिच डार्क. चिकट म्हटल्याबरोबर मागच्या बाकावर हशा, कारण आमच्याकडं निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत अंधाराला म्हणतातच चीकटि! दोन्हीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, नुसता योगायोग, पण त्या दिवसानंतर पिच डार्क कुणी विसरलं नाही. कन्नड बोलणारी एक मुलगी लगेच म्हणाली आमच्यात कत्तले. एका खोलीत अंधाराला एवढी नावं माहीत असलेली पोरं, त्यांना एका ओळीतले सगळे शब्द सारखेच असं सांगायचं म्हंजे त्यांच्या हुशारीचा अपमानच आहे.

डस्क आणि ट्वायलाईट पण एक नाहीत. ट्वायलाईट सकाळीपण असतो आणि संध्याकाळीपण, डस्क फक्त संध्याकाळचा, रात्र व्हायच्या आधीचा. खगोलवाल्यांनी तर मापं ठरवून दिलीत, सूर्य क्षितिजाखाली ६ अंशापर्यंत असला तर नागरी संधिप्रकाश, १२ पर्यंत नौकानयनाचा, १८ पर्यंत खगोलीय, त्यानंतर खरी रात्र. आपल्याकडं सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, वीस-पंचवीस मिनिटांत पहिला टप्पा खलास, सिद्धेश्वर तलावाकडं भेळ घेऊन बसलात तर भेळ संपेपर्यंत दिवे लागलेले असतात. लंडनमधे जूनमधे सूर्यच मुळात रात्री नऊच्या पुढं मावळतो आणि पहिल्या टप्प्यालाच पाऊण तास लागतो, ऐन जूनमधे तर मध्यरात्रीसुद्धा सूर्य १८ अंश खाली जातच नाही. इतकी रेंगाळणारी संध्याकाळ असल्यावर डस्क, ट्वायलाईट आणि स्कॉटलंडकडचं ग्लोमिंग असे शब्द रुजणारच असं आपलं मला वाटतं. डस्क तर आधी रंगाचा शब्द होता, काळपट अशा अर्थाचा, डस्की त्यातूनच आलं. पण म्हणून सावळ्याला डस्की करू नका हो, पंढरपूरच्या विठोबाचं वर्णन लिहिताना एकानं तेपण केलं होतं, माणसाच्या रंगासाठी हा शब्द आता तिकडं बऱ्याच जणांना खटकतो.

मर्की म्हंजे गढूळ, पाणीपण आणि व्यवहारपण. डिम मुलांना आयताच येतो, हायवेवर समोरच्यानं अप्पर मारला की डिम कर म्हणतात तोच, आणि हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात तिसरी घंटा झाल्यावर दिवे हळूहळू जातात तेही डिमच, एका झटक्यात सगळे घालवले तर ब्लॅकआऊट. ब्लॅकआऊटला युद्धाचापण वास आहे, ब्रिटनमधे १ सप्टेंबर १९३९ पासून खिडक्या झाकून बसायचा हुकूम होता, आणि आपल्याकडं ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडची विजेची ग्रीड बसली तेव्हा परदेशी पेपरांनी हाच शब्द वापरला. रोजच्या लोडशेडिंगला एवढा मोठा शब्द लागत नाही, पॉवर कट पुरे. आणि तुमच्या यादीतल्या ऑब्स्क्युरिटीचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, आज तो शब्द बहुतेक वेळा कुणाला माहीत नसणं, नजरेआड राहणं यासाठी वापरतात, आमच्या एका पठ्ठ्यानं लिहिलंय की लाईट गेली आणि घरात ऑब्स्क्युरिटी पसरली.

खुद्द डार्क आणि डार्कनेससुद्धा एक नाहीत, लहान पोर घाबरतं ते 'द डार्क'ला, दिवेलागणीच्या आत घरी ये हे 'बिफोर डार्क', तिथं डार्कनेस घातला की कानाला बोचतं. डार्क ब्लूमधे तर अंधार नाहीच, तिथं नुसता गडद.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी यादी देताना शब्द कमी द्या, चारच द्या, पण प्रत्येकापुढं एक पूर्ण वाक्य द्या आणि तो शब्द कुणाच्या सोबतीनं येतो ते छापा, ग्लूमी वेदर, मर्की वॉटर, डिम लाईट असं. जागा नसेल तर खालची 'पाठ करा' ही ओळ काढली तरी एका वाक्याची जागा निघेल. आणि जमलं तर मराठीतल्या अंधाराची यादीपण त्याच पानावर येऊ द्या, मुलं घरी विचारतील, कुणाची आज्जी कन्नडमधे सांगेल, कुणाची तेलुगूत. वाक्यं तपासून पाहिजे असतील तर मी फुकट तपासून देईन, दुपारी दोननंतर मोकळी असते.

आपली नम्र,
एक शिकवणीवाली बाई, पूर्व भाग, सोलापूर