अथर्व व्हायला कुणी तयार होईना

मा. संपादक,
स. न.

नवरा-बायकोच्या भांडणांच्या मालिका सरसकट बंद करा, अशी मागणी करणारे पत्र आपल्या सदरात वाचले. मला बंदी पटत नाही. घरोघरी मातीच्या चुली. भांडण बघायला मुलांना टीव्ही लागत नाही.

'माझ्या नवऱ्याची बायको' ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१, साडेचार वर्षे चालली, तीही बहुतेक काळ रात्री आठला, ऐन जेवणाच्या वेळी. पहिलीतली आमची नात पाचवीत गेली. खोटे कशाला सांगू, मीही बघायचे. त्यातल्या बायकोने, राधिकाने, मसाल्यांचा धंदा काढला तेव्हा बरेच वाटले होते.

तेव्हाच्या एका मे महिन्यात आमच्या जिन्याखाली मुलींनी भातुकली मांडली होती. नात राधिका झाली. नवऱ्याची मैत्रीण शनाया व्हायला शेजारची हटूनच बसली, कारण गॉगल तिच्याकडे होता. धाकट्या भावाला धरून आणून नवरा गुरुनाथ केले. राधिकाचा मुलगा अथर्व व्हायला मात्र कुणी तयार होईना. "त्याला काही बोलायचंच नसतं," नात म्हणाली. शेवटी एका बाहुलीला अथर्व केले आणि भिंतीकडे तोंड करून बसवले. पुढचा तासभर तिघे कचाकचा भांडले.

मला खटकते ते हे. रोज कुरघोड्या आणि कारस्थाने. घरातल्या पोराला काय वाटते, ते कधीमधी तोंडी लावण्यापुरते. प्रत्यक्षात घटस्फोटाचे दावे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार बंद दाराआड चालतात आणि मुलाचा ताबा ठरवताना त्याचे हित सर्वांत आधी बघावे लागते. मालिकेत नेमके उलटे.

ओटीटीवर २०२१च्या नियमांप्रमाणे ७+, १३+, १६+ अशी वयाची पाटी लावावी लागते. टीव्हीवरच्या मालिकेला अशी पाटी नाही. मुलांना न शोभणारे कार्यक्रम त्यांच्या पाहण्याच्या वेळी दाखवू नयेत, असे केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांतही आहे; पण न शोभणारे म्हणजे काय, यावर वाहिन्या हात वर करतात. मारामारी नाही, अंगप्रदर्शन नाही, मग झाली 'कौटुंबिक' मालिका!

वाहिन्यांनी अशा मालिका रात्री दहानंतर दाखवाव्यात. आणि लेखकांनी आठवड्यातून एखादा प्रसंग तरी त्या पोराला द्यावा. त्याला बोलू द्यावे.

आपली,
एक आजी, डोंबिवली (पूर्व)