ताई, तुम्ही माझ्या हातातून कॅमेरा घेतला नाहीत

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे एका भेटीतच कळलं. पण आभार मात्र चारचौघांत मानायचेत, कारण ज्यांनी ज्यांनी मला "तुला भास होतोय" म्हणून वाटेला लावलं ते पण कुठे ना कुठे हे वाचतील, आणि त्यांनी वाचावंच असं मला मनापासून वाटतं.

मी त्यांना विचारत तरी काय होते? एवढंच की फोटोत मागचा भाग ब्लर तर होतोय, पण तो ब्लर डोळ्याला टोचतोय. माझी ५० एमएम एफ/१.८ लेन्स (एफ पुढचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), समोर आई बसलेली, मागे झुडूप आणि झुडपाच्या काटक्यांमधून आलेलं ऊन. आईचा चेहरा झकास, पापण्या मोजता येतील इतका शार्प, आणि तिच्या खांद्यामागे प्रत्येक काटकीच्या दोन दोन काटक्या झालेल्या. म्हणजे एक बारीक काटकी, तिच्या जागी शेजारी शेजारी दोन उजळ रेघा आणि मधे पोकळ. पानांतून डोकावणाऱ्या उन्हाचे जे गोल होते त्यांना कडेने चकचकीत रिंग. सगळं मिळून मागे इतकी गजबज की नजर आईवर ठरेचना, सारखी खांद्याकडे जायची.

यावर मला काय काय ऐकवलं गेलं ते आठवलं की अजून डोकं तापतं. वर्कशॉपमधले सर म्हणाले लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर उघड. अहो पूर्ण उघडलेलंच आहे. मग म्हणाले ८५ एमएमची लेन्स घे. दुकानात म्हणाले मॅडम एफ/१.२ ची लेन्स घ्या, त्याला तोड नाही. एक जण तर चक्क हसला, "ब्लर म्हणजे ब्लर, त्यात कसलं आलंय चांगलं आणि वाईट, आधी कंपोझिशन शिका." आणि यातल्या प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, बोलता बोलता माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, दोन चाकं फिरवली, एक क्लिक केलं, स्क्रीनवर स्वतःच बघितलं, मान हलवली आणि परत दिला. मला काय दिसतंय हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही.

खरं तर त्यांनी जे सांगितलं ते ब्लर किती होईल याचं उत्तर होतं, आणि ते मला आधीच माहीत होतं. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सच्या त्या एमएमच्या आकड्याला, एफ नंबरने भागलं की लेन्सचं भोक किती मोठं ते कळतं, ५० ला १.८ ने भागलं तर साधारण २८ मिलिमीटर, ८५ एफ/१.८ ला ४७, १३५ एफ/२ ला ६७ च्या वर. आणि मागचा दिवा पार लांब असेल तर त्याचा गोल फोटोत त्याच मापाचा येतो, म्हणजे चेहऱ्याशेजारी कुणी साधारण २८ मिलिमीटरची चकती धरली तर ती फोटोत जेवढी दिसेल तेवढाच. हे गणित सुंदरच आहे, पण त्यात फक्त चकतीचं माप आहे. चकतीच्या आत उजेड कसा पसरलाय, मधे जास्त आहे का कडेला, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. माझं सगळं दुखणं तिथे होतं आणि त्याला काय म्हणायचं हेच मला माहीत नव्हतं.

आपली गाठ कशी पडली, कुणी घालून दिली, ते सगळं सोडून देते. मी फक्त त्या एका मिनिटाबद्दल लिहिणार आहे. मी सवयीने कॅमेरा तुमच्यापुढे धरला, आणि तुम्ही तो घेतला नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधलेत, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिलात, म्हणजे स्क्रीन मला आधी दिसेल आणि तुम्हाला नंतर अशा, आणि म्हणालात, "तुम्हाला काय दिसतंय ते सांगा." मी चाचरत सांगितलं, दोन रेघा, रिंगा, टोचणं वगैरे. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरोबर दिसतंय तुम्हाला."

ताई, हे वाक्य ऐकायला मी किती दिवस थांबले होते ते मला ते ऐकल्यावर कळलं. तिथे मी काही बोलले नाही, पण घरी येऊन रडले. कुणाला हे फार वाटेल, वाटू दे. सारखं कुणीतरी आपल्याला तुला दिसतंय ते नाहीच म्हणून सांगत राहिलं तर माणूस हळूहळू बघायचंच सोडून देतो, आणि फोटो काढणाऱ्याने बघणं सोडलं तर मग राहिलं काय.

नंतर खोलीत अंधार करून टोकाला तो छोटा टॉर्च लावलात, त्यावर फॉइल, फॉइलला सुईने पाडलेलं भोक. ते सगळं तुम्ही केलंत, पण फोकसची रिंग मात्र मीच फिरवायची असं बजावलंत. मी रिंग जवळच्या अंतराकडे फिरवत नेली आणि तो ठिपका स्क्रीनवर फुगत फुगत गोल झाला, आतून फिका, कडेला उजळ, आणि त्या कडेवर हलकी हिरवी झाक. मग तुम्ही म्हणालात आता उलटं, दिव्याच्याही पलीकडे न्या. ठिपका आधी टोकदार झाला, मग परत फुगला, आणि आता कड गेलेली! मधे उजळ, बाहेर विरत विरत गेलेला, कडेला किंचित जांभळट. तोच दिवा, तीच लेन्स, तेच भोक. पाठीमागे हात बांधून तुम्ही एवढंच म्हणालात, "आता त्या काटकीचा विचार करा."

आणि मला ते तिथल्या तिथे उलगडलं. काटकी म्हणजे बिंदूंची रांग, फोकसच्या बाहेर गेली की प्रत्येक बिंदूची अशी एक चकती होते, चकत्या एकावर एक सरकत जातात, कड उजळ असेल तर सगळ्या कडा दोन बाजूंना साठतात आणि एका काटकीच्या दोन रेघा होतात. कड विरलेली असेल तर त्याच काटकीचा नुसता मऊ पट्टा होतो. गवत, केस, तारा, जाळी, जे जे बारीक आणि लांब ते सगळं असंच. याचं मूळ स्फेरिकल अ‍ॅबरेशनमध्ये, म्हणजे भिंगाच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण एका जागी न मिळणं. ते दुरुस्त करताना भरपाई जरा जास्त झाली की मागचा ब्लर कडक होतो आणि पुढचा, म्हणजे विषयाच्या अलीकडे असलेल्या गोष्टींचा, मऊ, भरपाई थोडी कमी ठेवली तर मागचा मऊ आणि पुढचा कडक. वर्कशॉपमध्ये हे सांगायला पाच मिनिटं पण लागली नसती हो.

त्या दिवसापासून मी गोल वाचायला लागलेय. फ्रेमच्या कोपऱ्यातले गोल चेपून बदामी होतात ते लेन्सच्या नळीची कड आड आल्यामुळे, त्याला कॅट्स आय म्हणतात, अ‍ॅपर्चर थोडं बंद केलं की ते परत गोल व्हायला लागतात, पण मग ब्लेडचे कोपरे दिसायची शक्यता, सरळ ब्लेड असतील तर षटकोन नाहीतर सप्तकोन. आतमध्ये एकात एक बारीक वलयं दिसली तर आत अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोलाईचं नसलेलं) भिंग आहे आणि त्याच्या साच्यावरचे बारीक ओरखडे फोटोत उतरलेत. काळा डाग दिसला तर बहुतेक लेन्समधली धूळ. एका गोलात लेन्सची अख्खी कुंडली असते आणि मी इतकी वर्षं तो गोल फक्त मोठा आहे का लहान एवढंच बघत होते, कारण तेवढंच बघायला शिकवलं गेलं.

आणि ज्याने हसून "ब्लर म्हणजे ब्लर" सांगितलं त्याच्यासाठी मुद्दाम लिहिते. निकॉनने १९९० मध्ये १३५ एमएम एफ/२ ची डीसी लेन्स काढली, तिच्यावर एक जादा रिंगच आहे, मागचा ब्लर मऊ हवा का पुढचा हे ठरवायला. मिनोल्टाच्या १३५ एसटीएफमध्ये मधे पारदर्शक आणि कडेकडे गडद होत जाणारा काचेचा तुकडा बसवलाय, फक्त चकतीची कड विरावी म्हणून, आणि त्यासाठी त्यांनी उजेडावर पाणी सोडलंय, भोक एफ/२.८ चं पण उजेड एफ/४.५ च्या भोकाइतकाच. फुजीने २०१४ मध्ये ५६ एमएमची एपीडी लेन्स आणली, कॅननने २०१९ मध्ये ८५ एफ/१.२ ची डीएस, दोघांच्या मागे कल्पना तीच. उलट जुन्या ट्रायोप्लान लेन्सचे ते साबणाच्या फुग्यासारखे कडक कडेचे गोल आणि हेलिओस ४४ लेन्सचा गरगर फिरणारा ब्लर लोक हौसेने शोधत असतात. म्हणजे चांगलं काय आणि वाईट काय हे फोटोवर ठरतं, पण फरकच नाही असं म्हणणाऱ्याने नीट बघितलेलंच नाही.

तुम्ही मला काहीच विकत घ्यायला लावलं नाहीत. "लेन्स नका बदलू, झुडूप बदला," एवढंच म्हणालात. आईला झुडपापासून बरीच पुढे आणून बसवलं, मी तिच्याजवळ सरकले, काटक्यांच्या चकत्या इतक्या मोठ्या झाल्या की काटकी म्हणून काही उरलीच नाही, नुसते हिरवे सोनेरी डाग. टोचतं ते विषयाच्या अगदी पाठीमागचं, धड शार्प नाही आणि धड विरलेलं नाही असं, हे आता पाठ झालंय. शटर दाबायच्या आधी मी चेहऱ्याच्या मागचं बघते, ऊन पानांतून फुटून येतंय का सावलीत सलग रंग आहे ते, कधी कधी फक्त एक पाऊल डावीकडे सरकलं तरी काम होतं.

हो, आणि ते अर्धे कापलेले गोल! त्याबद्दल तर लेन्स खराब आहे असंच सांगितलं होतं मला, बदलून आणली, परत तेच. तुम्ही फोटो बघून एकच विचारलंत, शटर स्पीड किती होता? कडक उन्हात १/४००० सेकंद. आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, म्हणजे शटरचा पहिला पडदा खरा न सरकवता ते काम सेन्सरवरच करणारा मोड, चालू. फास्ट स्पीडला आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला तो मोड चकतीची एक बाजू खातो, मेकॅनिकल शटरवर टाकलं की गोल पूर्ण. लेन्स बिचारी धडधाकट होती. ज्यांनी ती खराब ठरवली त्यांनी हा प्रश्न विचारायला काय हरकत होती?

मला वाटतं ज्याला खूप येतं त्याला समोरच्याचं चाचरणं ऐकत थांबणं जड जातं, हात आपोआप पुढे होतो, द्या इकडे मी करून दाखवतो. त्यात वाईट हेतू नसेलही. पण समोरचा तिथेच लहान होतो. तुम्हाला तर ते सगळं एका नजरेत कळलं असणार, माझं सांगून व्हायच्या कितीतरी आधी, तरी तुम्ही हात मागे ठेवलेत आणि माझी रिंग माझ्या बोटांनी फिरू दिलीत, मी दोनदा चुकीच्या बाजूला फिरवली तेव्हासुद्धा. एवढा धीर, एवढा मान तुम्ही एका अनोळखी बाईला दिलात. अशी माणसं भेटतात म्हणून शिकायची उमेद राहते. परवा भाचीने तिच्या फोनमधला पोर्ट्रेट मोडचा फोटो आणून विचारलं की मैत्रिणीचे केस असे कापल्यासारखे का दिसतात. माझा हात पुढे झाला होता, मागे घेतला, आणि तिलाच विचारलं नेमकं कुठे कापल्यासारखं वाटतंय. केसांची कड आणि मागची भिंत यात फोनचा अंतराचा अंदाज चुकलाय हे तिने स्वतः बोट ठेवून दाखवलं. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात ताई.

आता एक मागणं आहे. माझ्या लेन्सचा पुढचा ब्लर मऊ येतो हे त्या टॉर्चमुळे कळलं, तेव्हापासून मी पानं, फुलं, पडद्याची कड, काही ना काही लेन्सच्या पुढे घेऊन फोटो काढतेय आणि ते खरंच छान येताहेत. पण कधी कधी रंगाचा पडदा सगळ्या चेहऱ्यावर पसरतो आणि फोटो धुरकट होतो, तो कधी होईल याचा अंदाज मला अजून येत नाही. असे बरेच फोटो एका फोल्डरमध्ये ठेवलेत, चांगले आणि धुरकट दोन्ही. सवडीने एकदा याल का? सगळे स्क्रीनवर लावून ठेवते, शेजारी बसून बघू.

तुमची,
एक विद्यार्थिनी