मनूची शाळा आणि तुमचे नव्वद दिवस

गोथेनबर्ग, 12 एप्रिल 2026

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा पाण्याच्या टाकीवर घसरतात, म्हणून लिहूनच कळवते. मनूची शाळा इथे नक्की केली. घरापासून चालत जाण्याजोगी, साधी सरकारी, स्वीडिश माध्यमाची शाळा. ऑगस्टमध्ये तिचा सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग सुरू होईल. तिला वर्षभर साताऱ्याला ठेवायचं तुम्ही सुचवलं होतं, ते जमणार नाही. तुमच्याकडे ठेवायला मन धजत नाही असं मुळीच नाही. बाबांच्या हाताखाली ती काय शिकली असती हे माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? पण इथे राहणाऱ्या मुलांना हा वर्ग 2018 पासून सक्तीचा आहे, आणि तो वाचनाची तयारी करून घेणारा वर्ग आहे. तो चुकवून ती एकदम पहिलीत गेली, तर बाकीची मुलं वाचायला लागलेली आणि हिची स्वीडिश वर्षभर बंद पडलेली, असं होईल. या वयात भाषा येते लवकर, तशी जातेही लवकर.

इंग्रजी शाळेत का नाही, हे काकांनी दोनदा विचारलं म्हणे. त्यांना सांगा की इंग्रजी इथे सगळ्याच शाळांत तिसरीच्या आत सुरू होतं. टीव्हीवर मोठ्यांचे परदेशी कार्यक्रम मूळ भाषेतच दाखवतात, खाली फक्त स्वीडिश अक्षरं असतात. बसचालकापासून डॉक्टरपर्यंत सगळे इंग्रजी बोलतात. ती भाषा आपोआप येणार आहे. स्वीडिश गल्लीतल्या पोरांकडून येते. आपोआप न येणारी एकच, ती मराठी. आणि ती घरात आमची दोघांची आणि फोनवर तुमची, एवढ्यांकडूनच तिच्या कानावर पडते.

म्हणून पहिली विनंती, आणि बाबा, ही तुम्हालाच जास्त आहे. मनूशी आणि धाकट्या ओमीशी इंग्रजीत बोलू नका. त्यांना सोपं जावं म्हणून तुम्ही 'व्हॉट आर यू डुइंग' म्हणता हे मला कळतं. पण मुलांना इंग्रजी येतच नाही. त्यांना येते स्वीडिश आणि मराठी. तुम्ही इंग्रजी बोललात की मनू माझ्या तोंडाकडे बघते, आणि तुम्हाला वाटतं तिला बोलायचं नाही.

ती मराठी प्रश्नाला स्वीडिशमध्ये उत्तर देते, त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. तिला तुमचं सगळं समजतं. दिवसाचे सात-आठ तास ज्या भाषेत खेळ चालतो, तीच जिभेवर आधी येते. अशा वेळी तुम्ही मराठीतच पुढे बोलत राहायचं. 'मराठीत सांग बघू' म्हणून अडवायचं नाही, कारण मग मूल उत्तरच टाळतं. वाक्य चुकलं, 'मी पाणी पिली' म्हणाली, तर हसायचं नाही आणि दुरुस्तीही करायची नाही. 'हो का, तू पाणी प्यायलीस? गार होतं का?' एवढंच म्हणायचं. बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि गप्पा तुटत नाहीत. काकूला हे नीट समजावून सांग, आई. तिला चुकीच्या वाक्यांची नक्कल करायची सवय आहे. ती प्रेमानेच करते, पण मनूला आता कळायला लागलंय.

आणखी एक म्हणजे परीक्षा घेणं बंद. 'हे काय आहे? याला काय म्हणतात? अंक म्हणून दाखव!' असल्या प्रश्नांनी पाच मिनिटांत दोघं पळतात. त्याऐवजी फोन ओट्यावर टेकवून ठेव आणि तुझं काम चालू दे. मटार सोल, वाती वळ, पोळ्या लाट, आणि काय करते आहेस ते तोंडाने सांगत राहा. मुलं बघत बसतात आणि मग स्वतःहून विचारतात. वेळ शनिवार-रविवारची, आमचे सकाळचे साडेनऊ. सध्या तुमचा तेव्हा दुपारचा एक वाजतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून इथली घड्याळं मागे जातात, मग दोन वाजतील. बाबांची झोप तेव्हा थोडी पुढे ढकलावी लागेल. आमच्या संध्याकाळी फोन नको. मुलं दमलेली असतात, आणि तुम्ही जागरण केलेलं मला चालणार नाही.

पुस्तकं पाठवायची तर ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रांची घ्या, पण प्रत्येकाच्या दोन प्रती. एक इथे, एक तुमच्याकडे. म्हणजे दोन्हीकडे तेच पान उघडून गोष्ट सांगता येते. आणि तीच गोष्ट दहादा सांगायला कंटाळू नका. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मुलं मधली वाक्यं स्वतः म्हणायला लागतात. रोज रात्रीसाठी तीन-चार मिनिटांची गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठवलीस तर फार बरं, आई. पंखा बंद करून कर, नाहीतर घरघरीत काही ऐकू येत नाही. ती चिमणी दार उघडत नाही ती आधी पाठव. ती तुझ्यासारखी कोणालाच सांगता येत नाही, मला तर नाहीच.

ओमीची काळजी नको. तो कमी बोलतो ते दोन भाषांमुळे नव्हे. दोन भाषांनी मूल उशिरा बोलत नाही. एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतात, दोन्हींचे मिळून मोजले तर बरोबर येतात. इथल्या बाल आरोग्य केंद्रात अडीच-तीन वर्षांच्या मुलांचं बोलणं तपासतात आणि घरी कोणती भाषा बोलता तेही विचारतात. तिथल्या नर्सही घरात आपलीच भाषा बोला म्हणतात. त्याची तपासणी जूनमध्ये आहे, तुम्हीच या बरोबर. 'ळ' आणि 'ण' नीट म्हणायला मुलांना तसाही वेळ लागतो, त्यासाठी त्याला छेडू नका.

पुढच्या वर्षी मनू पहिलीत जाईल, तेव्हा शाळेकडे मातृभाषेच्या तासासाठी अर्ज करणार आहोत. स्वीडनमध्ये तशी सोय कायद्यातच आहे. घरात ती भाषा रोज बोलली जावी, मुलाला ती थोडीफार यावी, मागणारी किमान पाच मुलं असावीत आणि शिकवणारं माणूस मिळावं, एवढ्या अटी. चार मराठी घरं तयार आहेत, पाचव्याच्या मागे लागले आहे. पण तो तास आठवड्यातून एकदाच, तोही बहुतेक शाळा सुटल्यावर. तेवढ्यावर भाषा टिकत नाही. खरं काम घरातच.

त्यासाठी तुम्ही यायचं. विचारत नाहीये, सांगते आहे.

व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. 10 जूनला उतरलात तर 7 सप्टेंबर हा नव्वदावा. गणपती 14 सप्टेंबरला आहेत, म्हणजे घर झाडायला आठवडा मिळतो. मनूच्या शाळेचे पहिले दिवसही तुम्हाला बघायला मिळतील. आणि हो, अधिक महिना 15 जूनपर्यंत आहे, तेव्हा जावयाचं वाण इथेच उरकून टाक. अनारशाचं पीठ घेऊन ये, तळू इथे. खसखस मात्र बॅगेत अजिबात घालू नकोस. विमान दुबईमार्गे आहे आणि तिथे खसखशीला बंदी आहे, पकडलं तर मोठं लचांड. इथे दुकानात मिळते. तूप, पेढे, खवा काही नको, दुधाचे पदार्थ भारतातून आणू देत नाहीत. हापूसही नको, बाबा, कितीही जीव तुटला तरी. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. नारळाला लागत नाही, हवा तर तो आणा. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कोकम भरपूर आणा.

राहण्याची चिंता करू नका. इमारतीला लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना जिने नाहीत. संडासात हँडशॉवर लावून घेतला आहे. पलंग उंच आहे. ज्वारीचं पीठ मिळतं. इथल्या फीलम्योल्क नावाच्या आंबट दुधात पाणी घातलं की थेट ताक, कढीही चांगली होते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून तुमच्या खोलीला जाड काळे पडदे लावलेत. बाबांचा पेपर टॅबवर येईल. आणि फोटोत ओमी गाडीत पाठमोरा बसलेला बघून तू रागावलीस ना, आई? इथे चार वर्षांपर्यंत तरी तसंच बसवायला सांगतात. लहान मुलाचं डोकं जड आणि मान नाजूक. समोरून धडक बसली तर अख्खी पाठ सीटवर टेकते, मानेला हिसका बसत नाही. तू विणलेले स्वेटर दोघं हिवाळाभर घालतात. आत पातळ लोकरीचा थर, वर तुझा स्वेटर, त्यावर जाड कोट. सुती बनियन तेवढे पाठवू नकोस, घामाने ओले होतात आणि अंगावर गार पडतात.

बाबा, मनूला ग म भ न पासून गिरवायला तुम्ही शिकवायचं. अ आ इ ई नंतर. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही, ती 'बास' म्हणाली की वही बंद. अंक तुमच्या पद्धतीने, सत्तावीस म्हणजे सत्तावीसच. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आलं तेव्हा तुम्ही केवढे भडकला होतात! पण स्वीडिशमध्ये खरंच आधी वीस आणि मग सात म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला ती 27 ऐकून 72 लिहील. ओरडायचं नाही. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवायचात. तेही करू नका, तेच जास्त लागायचं.

आता कामं. पासपोर्टची मुदत परत यायच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी आणि दोन पानं कोरी हवीत. आजच बघा. विमा किमान 30,000 युरोचा, आणि बीपी व गुडघे आधीपासून आहेत हे त्यात लिहायचंच, एजंट नको म्हणाला तरी. अर्ज याच महिन्यात करा. आमंत्रणाचं पत्र आणि आमचे कागद मेलने पाठवले आहेत, प्रिंट शेजारच्या दुकानात होईल. गोळ्या तीन महिन्यांच्या, मूळ पाकिटातच, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, तीत औषधांची मूळ नावं असू देत, कंपनीची इथे कोणाला कळत नाहीत. विमानतळावर दोघांसाठीही व्हीलचेअर सांगितली आहे. बाबांनी 'मला कशाला' म्हणायचं नाही. खुर्चीबरोबर माणूस येतो, तो दुबईत पुढच्या विमानापर्यंत पोचवतो.

टाकीचं काम दादाला सांगून ठेवा, तो बघेल.

तुमची,
छकू

ता. क. आई, प्रवासात पायात घट्ट मोजे घाल आणि दर दोन तासांनी उठून चार पावलं चाल. बाबांना खिडकीची जागा देऊ नकोस, ते उठायचेच नाहीत.