‘स्टार ट्रेक’चा बदनाम हंगाम

महोदय,

मूळ ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेचा तिसरा आणि शेवटचा हंगाम (१९६८-६९) टाकाऊ, असं म्हणायची पद्धतच पडली आहे. निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर तो पुन्हा पाहिला. त्यातल्या ‘स्पॉक्स ब्रेन’ या भागाची बाजू मीही घेणार नाही. पैशाला कात्री, शुक्रवारी रात्री दहाची आडवेळ आणि मालिकेचे जनक रॉडनबेरी यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतलेलं. व्हायचं तेच झालं.

पण शेवटून दुसरा भाग, ‘ऑल अवर यस्टरडेज’, जरूर पाहावा. लेखिका जीन लिझेट अरोस्ट लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात नोकरीला होत्या, आणि ते कळतं! ताऱ्याचा स्फोट तोंडावर आलाय, ग्रह रिकामा झालाय. एकटा म्हातारा ग्रंथपाल मागे थांबलाय, लोकांना हव्या त्या भूतकाळात धाडायला. यानाचा कप्तान कर्क, स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय हे तिघे दिसताच ‘फार उशीर केलात’ म्हणून लगबग. कर्क निवड करेना, तर बेशुद्ध करून ढकलगाडीवर घालून दाराकडे नेतो! असे वाचक काउंटरवर मलाही भेटलेत. ढकलगाडी तेवढी सुचली नाही. आणि तिकडे हिमयुगातल्या गुहेत एरवी शाकाहारी, भावना आवरून असणारा स्पॉक मांस खातो, प्रेमात पडतो, मॅकॉयचा गळा धरतो. स्पॉक साकारणाऱ्या निमॉय यांच्या डोळ्यांतला तो राग बघाच.

३ जून १९६९ चा अगदी शेवटचा भाग मात्र, कप्तान होऊ पाहणाऱ्या बाईला वेडी ठरवणारा, माझ्याने यंदाही पुरा पाहवला नाही.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा