मीटर सापडला

घोडबंदर रस्ता, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

तुझा लक्समीटर, तो उजेड मोजायचा, माझ्याकडेच होता. १९८८ च्या गणपतीनंतर तो मी तुला परत केला, असे बबनच्या समक्ष मी शपथेवर सांगितले होते, आणि ती शपथ खोटी निघाली. गेल्या मंगळवारी एक वस्तू लपवायला माळ्यावर चढलो, तर तो समयांच्या खोक्यात चामडी पाकिटासकट बसलेला. चार महिने तुला पत्र नाही की फोन नाही, त्याची क्षमाही याच पत्रात मागून घेतो. माझा रक्तदाब ठीक आहे, शुभदाचा गुडघाही.

लपवायची वस्तू म्हणजे प्रोजेक्टर. निनाद पुण्याला गेल्यापासून त्याची १० बाय १२ फुटांची खोली रिकामी आहे. तिथे घरचे थिएटर करायचे ठरवले आणि कोणालाही न विचारता ८,९९९ रुपयांचा एक खोका मागवला. खोक्यावर १५,००० ल्यूमेन (म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण उजेड) आणि ‘४के सपोर्ट’, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचे चित्र चालते, असे ठळक छापले होते. पहिल्याच रात्री भिंतीवर जे उमटले, ते पेजेतून पाहावे तसे होते. पडद्यावर चांदणी रात्र चालू असताना शुभदाने शांतपणे विचारले, “चंद्र उगवलाय, की उगवायचाय?”

मीटर सापडल्यावर मात्र माझ्यातला जुना खाज असलेला माणूस जागा झाला. खिडकीला घोंगडी लावली, भिंतीवरच्या २.१ बाय १.२ मीटरच्या चित्राचे पेन्सिलीने नऊ सारखे भाग पाडले, यंत्रातून नुसते पांढरे चित्र पाडले आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर मीटर धरला. मधोमध ९५ लक्स, कोपऱ्यांत पन्नाशीच्या आत, सरासरी ७०. एएनएसआय, म्हणजे अमेरिकी मानकाचे, ल्यूमेन काढण्याची रीत हीच आहे : नऊ ठिकाणची सरासरी गुणिले चौरस मीटर. उत्तर आले १७६. इतक्या वर्षांत मीटरमधला उजेड टिपणारा सेलेनियमचा सेल म्हातारा झाला असणार, हा तुझा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो. म्हणून आकडा दुप्पट धरला, तरी साडेतीनशेच होतात. चित्रपटगृहातल्या डिजिटल पडद्याचे मानक ४८ निट (पडद्याच्या तेजाचे माप) आहे आणि माझ्या भिंतीवर तेवढा उजेड पाडायला साधारण ३८० ल्यूमेन लागतात. म्हणजे पंधरा हजार ल्यूमेनची गरज मुळात नव्हतीच, खरे सहाशे असते तरी खोली झकास चालली असती.

‘सपोर्ट’ हा शब्दही असाच लबाड आहे. यंत्र ४के चित्र आत घेते खरे, पण आतले पॅनेल १२८० बाय ७२० चे असल्याने दर नऊ ठिपक्यांमागे एकच भिंतीवर येतो. त्यात मी ते स्टुलावर तिरके ठेवून कीस्टोनने, म्हणजे यंत्रातल्या वाकडे चित्र सरळ करण्याच्या सोयीने, चौकट सरळ केली, तेव्हा त्यातलेही काही ठिपके वाया गेले. नौपाड्यातल्या गल्लीत १६ मिलिमीटरचे यंत्र विटांवर चढवून नायकाचे डोके भोपळ्याएवढे करणारा मीच होतो, आणि यंत्र हलवायचे नसेल तर चादर कलती कर, असे तू घसा फोडून सांगत होतास. तुझे बरोबर होते. हे कबूल करायला छत्तीस वर्षांहून अधिक काळ लागला, म्हणून पुन्हा सांगणार नाही.

आता खरी अडचण ऐक. तीस हजारांच्या आत दोन गोष्टी समोर आहेत. एक नवा एलईडी प्रोजेक्टर, मूळचाच १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, सहाशे एएनएसआय ल्यूमेनचा, प्रकाशमार्ग बंदिस्त असल्याने इथली धूळ भिंगामागे न शिरणारा. दुसरा एका कार्यालयातून निघालेला दिव्याचा, डीएलपी जातीचा प्रोजेक्टर, तीन हजार ल्यूमेनचा, पण दिव्याचे आयुष्य संपत येते तेव्हा उजेड निम्म्यावर आलेला असतो, आणि नवा दिवा घ्यायचा म्हणजे शुभदाला दुसऱ्यांदा सांगायचे. माझ्या खोलीत भिंगापासून भिंत ३.२ मीटरवर येते. एलईडीचे थ्रो गुणोत्तर (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असल्याने चित्र २.६७ मीटर रुंद होऊन कपाटाच्या दारावर जाते आणि तोच उजेड दीडपटीहून जास्त जागेवर पसरतो, तर डीएलपीचे १.५ अगदी मापात बसते. एलईडी पुढे सरकवावा, तर त्याचा पंखा कानाशी येतो. उजेड छतावरून परत पडद्यावर येऊ नये म्हणून छत गडद करायला शुभदा राखाडीपर्यंत आली आहे, काळ्याला तिची ठाम ना आहे.

डीएलपीत रंगांची चकती फिरते आणि लाल, हिरवा, निळा एकामागून एक येतात. काहींना नजर फिरवताच कडांना इंद्रधनुष्य दिसते. मला काही दिसत नाही. पण वसतिगृहात ट्यूबलाइटची फडफड दिसते म्हणून रात्री कंदील लावणारा एकच माणूस मला माहीत आहे. माझ्याकडे पाहुणे येणार, ते काय बघतील, हे तुझ्याच डोळ्यांनी कळेल.

चिन्मयचे लग्न ठरले का? वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या दुकानाचे काय झाले ते सविस्तर कळव.

शनिवारी अकराला लॅमिंग्टन रोडला ये. डेमो लावून घेऊ, तू पडद्यासमोर मान डावीउजवीकडे झटकशील, मी नऊ चौकटी मोजेन. मीटर तिथेच तुझ्या हाती देईन, आणि या वेळी पोच लिहून घेणार आहे.

तुझा,
अरविंद