पेटी होवंदे

देवगड,
६ मे

प्रिय बाबल,

आठ महिने ना फोन, ना पत्र. रागावला असशील तर रागव, हक्क आहे तुझा. माझी शुगर ताब्यात आहे, आईला ऐकू येत नाही पण आवाज खणखणीत. वहिनींचं ऑपरेशन झालं म्हणे, चालतात ना आता?

लिहितोय अण्णासाठी. काल मांगरात पेट्या भरायचं चाललं होतं. अण्णा पेंढा पसरून आंबे लावत होता, डागी फळ बाजूला. मध्येच थांबला, कुडाकडे बघत ओठ हलवायला लागला. माझ्या पोटात गोळाच आला. विचारलं, "आवाज येतत?"

"येतत. मी तेंका सांगलंय, वायच थांबा, पेटी होवंदे."

आणि पुढचा आंबा उचलला.

मी मागीलदारी जाऊन रडलो रे. हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? खाडीत कमरेएवढ्या पाण्यातून आपण दोघांनीच त्याला ओढून काढलं होतं. त्याच रात्री तू म्हणालास, डॉक्टरला दाखव. मी तुझ्या अंगावर धावलो, "माझ्या भावाला रत्नागिरीला धाडू?" तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालापासूनचं, आणि आपण त्या गावाचं नाव शिवीसारखं वापरतो. मग दोन वर्षं गाऱ्हाणी, कौल, अंगारे. तू बरोबर होतास, बाबल. ती दोन वर्षं अण्णाची गेली.

स्किझोफ्रेनियावरची क्लोझापिन गोळी सुरू झाली तेव्हा १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायला कणकवली. त्या गोळीने कुणाकुणाच्या पांढऱ्या पेशी घसरतात म्हणून. एकदा कंडक्टर म्हणाला, "पासच काढा आता!" अण्णा हसला. किती दिवसांनी!

जागतिक आरोग्य संघटना सांगते, स्किझोफ्रेनियातून तिघांतला किमान एक पूर्ण बरा होतो. अण्णा त्या एकात बसतो का, हेच मी इतकी वर्षं बघत होतो. काल पेटी भरून झाली तेव्हा त्या प्रश्नाची मला आठवणही झाली नाही.

झोप उडालीय ती दुसऱ्याच गोष्टीने. त्याला ट्रकबरोबर वाशीला जायचंय, एकट्याने. रात्रीच्या गोळीने गुंगी येते, पहाटे माल उतरवताना जाग येईल? जागरण तर त्याला अजिबात सोसत नाही. गाडी कुठे अडकली आणि गोळ्या संपल्या तर? दोन दिवसांच्या वर खंड पडला की ती पुन्हा अगदी थोड्या डोसपासून चढवावी लागते. डॉक्टर म्हणतात, जाऊ दे, जास्तीच्या गोळ्या दे बरोबर. आई म्हणते नको. मी दिवसा हो म्हणतो आणि रात्री नको. तो एवढंच म्हणाला, "माझी पेटी कितक्याक जाता, माका बघूक व्हया." यावर काय बोलणार?

पाठवतोय. १५ तारखेला पहाटे पोचेल. नेरूळहून तुला जवळ आहे, फळबाजाराच्या गेटवर ये. गोळी घेतली का विचारू नकोस, ते तो बघतो. चहा पाज, आणि भाव काय मिळाला ते मला फोनवर त्यालाच सांगू दे.

तुझा,
भाई