आशाताई, तुम्ही सरळ विचारलंत

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहितेय, आपल्या यावल-रावेरकडच्या घराघरांत वाचलं जावं म्हणून.

आईचं दुखणं कुणाला दुखणं वाटतच नव्हतं. ताप नाही, जखम नाही. केळीला भाव बरा मिळालेला, भाऊ नोकरीला लागलेला. मग जो तो विचारायचा, "काय कमी शे तुले?" कुणी म्हणे बाहेरचं आहे, भगताकडे न्या. जिला आखाजीची सगळी गाणी पाठ, ती बायका झोक्यावर गात असताना आत भिंतीकडे तोंड करून पडलेली. रात्री तीनलाच जाग यायची. भाकरी थापता थापता हात थांबायचा, चुलीवर तवा रिकामाच तापत राहायचा.

तुम्ही आशा सेविका म्हणून आलात बीपी-शुगरची माहिती घ्यायला. कागद बाजूला ठेवून खाटेवर तिच्याजवळ बसलात. झोप, भूक, थकवा सगळं विचारलंत. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, म्हणालात. मग हळूच, "मावशी, जीव नकोसा वाटतो का?"

माझ्या पोटात गोळा आला. नसता विचार हिच्या डोक्यात भरवतात की काय! आई रडली आणि "हो" म्हणाली. ओसरीवर येऊन तुम्ही मला समजावलंत, विचारल्याने तो विचार येत नाही. आधीच असेल तर माणूस बोलून मोकळं होतं. फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात ठेवायला लावलीत, तिला एकटीला सोडू नका म्हणालात. ताई, याचे उपकार कसे फेडू?

डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, हे नैराश्य आहे म्हणाले आणि त्याच्या गोळ्या दिल्या. सुरुवातीचे आठवडे काहीच फरक दिसेना. नातेवाईक म्हणाले, सवय लागेल, बंद करा. तुम्ही ठाम होतात: या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

आईचे काही दिवस अजून जड जातात, पण आता ते ती स्वतःहून सांगते. तुम्ही दिलेला टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा, १४४१६ नंबर दारामागे लिहून ठेवलाय. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. गल्लीतल्या दोघीजणी तो उतरवून घेऊन गेल्या.

तुमची,
मावशीची लेक